पोलादी पुंगळीची काडतुसे

पोलादी पुंगळीची काडतुसे : रायफल, पिस्तूल इ. लहान शस्त्रांच्या काडतुसाची पुंगळी नेहमीच्या पितळेऐवजी मृदू पोलादाची केलेली असल्यास त्यास पोलादी पुंगळीचे काडतूस म्हणतात. काडतुसाचे चार घटक असतात : नळीतून सुटणारी गोळी, तिला गती देणारी धूरविरहित दारू, ही दारू पेटविणारी टोपी आणि या तिन्हींना एकत्र धरणारी पुंगळी. बोलीभाषेत संपूर्ण काडतुसासच ‘गोळी’ म्हणण्याचा प्रघात आहे. येथे मात्र गोळी म्हणजे लक्ष्याकडे जाणारा भाग एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. हा भेद लक्षात ठेवणे अवश्य आहे, कारण या स्वस्त काडतुसांवर जे आक्षेप घेतले जातात, त्यांपैकी सर्वांत गंभीर आक्षेप पुंगळीच्या नावावर खपत असला, तरी तो वस्तुतः गोळीस लागू पडतो.

पितळेऐवजी पोलाद वापरण्याची कल्पना टंचाईतून निघाली. काडतुसाच्या पितळेत सु. ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते आणि युद्धकाळात तांब्याला इतर अनेक वाटेकरी असतात. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे तांबे दुर्मिळ झाल्यावर जर्मनीने पोलादी पुंगळ्यांचे प्रयोग केले आणि दुसऱ्या महायुद्धात ७·९२ मिमी. रायफलीसाठी लॅकर दिलेल्या पोलादी पुंगळ्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या. अमेरिकेतही याच काळात इंडियाना राज्यातील इव्हान्सव्हिल येथे क्रायस्लर या मोटार कंपनीने चालविलेल्या कारखान्यात ·४५ काडतुसांच्या पुंगळ्या पोलादाच्या करण्यात आल्या. युद्ध संपताच पश्चिमेकडील राष्ट्रे पितळेकडे परतली. सोव्हिएट संघ मात्र परतला नाही. १९४३ मध्ये आखणी झालेल्या व पुढे कलाश्निकॉव्ह रायफलीमुळे जगभर गेलेल्या ७·६२ × ३९ मिमी. काडतुसासाठी, तसेच १९७४ च्या रायफलीबरोबर आलेल्या ५·४५ × ३९ मिमी. काडतुसासाठी तेथे पोलादी पुंगळी हीच नित्याची ठरली. १९९१ मध्ये सोव्हिएट संघ विसर्जित झाल्यानंतर तूला, बर्नऊल, उल्यानफ्स्क इ. ठिकाणच्या कारखान्यांनी आपला माल परदेशी नागरी बाजारपेठेत, मुख्यतः अमेरिकेत, विकण्यास प्रारंभ केला. तेथील नेमबाजी मैदानांवर या काडतुसांची जी परीक्षा झाली व जो वाद माजला, त्यातूनच त्यांच्याविषयीची बरीचशी माहिती उपलब्ध झाली आहे.

निर्मिती : अल्प कार्बन असलेल्या पोलादाच्या पत्र्यातून चकत्या कापून त्यांना प्रथम वाटीचा आकार देतात, नंतर ही वाटी टप्प्याटप्प्याने ओढून लांब व पातळ करतात. प्रत्येक टप्प्यानंतर धातू कठीण होत असल्यामुळे तो तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. कृती पितळेसारखीच असली, तरी पोलाद ओढण्यास अधिक बळ लागते व साचे लवकर झिजतात. पोलाद गंजत असल्याने तयार पुंगळीवर लॅकर, बहुवारिक, जस्त किंवा तांबे यांपैकी एखाद्याचा पातळ थर देतात. यामुळे गंज थांबतो आणि पुंगळी कोठीत सहज सरकते. हिरवट वा करड्या रंगावरून ही काडतुसे दुरूनही ओळखू येतात. तांब्याचा थर असलेली मात्र पाहणाऱ्यास फसवितात.

पुंगळीचे कार्य : पुंगळी म्हणजे केवळ दारूची डबी नव्हे. दारू पेटताच निर्माण होणाऱ्या दाबाने ती फुगून कोठीच्या भिंतीस घट्ट चिकटते व उष्ण वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे, येऊ देत नाही. गोळी नळीबाहेर पडून दाब उतरला, की तिने थोडी आकसून भिंतीपासून सुटले पाहिजे. तरच आकडी तिला बाहेर ओढू शकते. फुगणे आणि आकसणे या परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन्ही कामांत पितळ निपुण आहे. पितळेचा यंग गुणांक सु. ११०, तर पोलादाचा सु. २०० गिगॅपास्कल आहे. दोन्ही धातूंचे बल साधारण सारखे धरले, तर पोलाद पितळेच्या मानाने जवळजवळ निम्मेच मागे येते, हे यावरून दिसून येईल. शिवाय ते ताठर असल्यामुळे पुंगळीची मान भिंतीस तितक्या तत्परतेने चिकटत नाही. थोडे वायू मागे झिरपतात आणि कोठीत काजळी साचते.

रचनाकारांना ही उणीव ठाऊक होती आणि तिच्यावरचा उपाय त्यांनी काडतुसाच्या आकारातच योजला. ७·६२ × ३९ मिमी. काडतूस बुडाकडून मानेकडे स्पष्टपणे निमुळते होत जाते. बाटलीच्या तोंडातून निमुळते बूच जसे किंचित हलताच सुटते, तशी ही पुंगळी थोडी मागे सरकताच भिंतीपासून मोकळी होते. कलाश्निकॉव्हच्या पेटीचा अर्धचंद्राकार बाक हा याच निमुळतेपणाचा परिणाम होय. याउलट अमेरिकन ५·५६ × ४५ मिमी. काडतुसाची बाजू जवळजवळ सरळ आहे, कारण त्याची आखणी पितळ गृहीत धरून झाली होती. त्या मापाचे पोलादी काडतूस एआर-१५ जातीच्या रायफलीत भरले असता पुंगळी अडकण्याचे प्रसंग अधिक येतात, यात नवल नाही. दोष पोलादाचा की रायफलीचा, हा प्रश्न त्यामुळे चुकीचा ठरतो; एका घराण्याचे काडतूस दुसऱ्या घराण्याच्या शस्त्रात घातले जाते, ही खरी अडचण आहे.

नेमबाजांमध्ये असा समज रूढ आहे, की तापलेल्या कोठीत लॅकर वितळते व गोंदासारखे चिकटून पुंगळी धरून ठेवते. वस्तुतः कोठी घाण होते ती प्रामुख्याने वर सांगितलेल्या काजळीने. अनेक पोलादी काडतुसे झाडल्यानंतर कोठी साफ न करता पितळी काडतूस वापरले, तर पितळ त्या काजळीवर जोराने फुगते आणि रुतून बसते. अडकलेली पुंगळी पितळी असली, तरी कारण आधीच्या काडतुसांत असते. एका प्रकारातून दुसऱ्या प्रकाराकडे वळताना मध्ये कोठी ब्रशने घासून घ्यावी, हा साधा नियम पाळल्यास हा प्रसंग बहुधा टळतो.

गोळीचे वेष्टन व नळीची झीज : स्वस्त रशियन काडतुसांत तांबे केवळ पुंगळीतच वाचविलेले नसते. गोळीचा गाभा शिशाचा असला, तरी त्यावरील वेष्टन बहुधा मृदू पोलादाचे असून त्यावर तांब्याचा पातळ मुलामा असतो; यास द्विधातवी वेष्टन म्हणतात. नेहमीच्या गोळीचे वेष्टन तांबे व जस्ताच्या मिश्रधातूचे, म्हणजे नळीच्या पोलादाहून पुष्कळच मऊ असते. द्विधातवी वेष्टन नळीतील मळसूत्री खाचांमधून दाबले जाताना मुलामा फाटतो, आतील पोलाद नळीस घासते आणि खाचांच्या कडा लवकर बोथट होतात.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत ही गोष्ट ठळकपणे दिसून आली. एकाच बनावटीच्या चार एआर-१५ रायफली घेऊन प्रत्येकीतून एकाच प्रकारची १०,००० काडतुसे झाडावयाची, एक पितळी व तीन पोलादी, अशी योजना होती. पितळी काडतुसांच्या रायफलीत एकदाही अडथळा आला नाही. पोलादी प्रकारांपैकी दोघांनी १०,००० चा पल्ला गाठला व त्यांतील अडथळे संख्येने अगदी थोडे होते. चौथ्या रायफलीत मात्र पुंगळ्या वारंवार अडकू लागल्याने चाचणी पूर्ण होऊ शकली नाही. अडथळ्यांपेक्षा नळीची अवस्था अधिक बोलकी होती. द्विधातवी गोळ्यांच्या नळ्या सु. ६,००० काडतुसांच्या सुमारास निकामी झाल्या, तर तांब्याच्या वेष्टनाची नळी अखेरपर्यंत वापरण्याजोगी राहिली. असे असूनही, त्या वेळच्या दरांनुसार पोलादी काडतुसांवर वाचलेल्या रकमेतून नवी नळी विकत घेऊन वर पैसा शिल्लक राहत होता. चाचणी घेणारी संस्था स्वतः काडतुसांची विक्रेती होती, हे विसरता येत नाही. तथापि ती दोन्ही प्रकारची काडतुसे विकत असल्याने एकाचीच बाजू घेण्याचे तिला फारसे कारण नव्हते. काडतुसे वेगाने झाडल्यामुळे नळ्या अतिशय तापल्या होत्या व झीज नेहमीपेक्षा जलद झाली, हेही ध्यानात घ्यावे लागते.

या आकड्यांचा अर्थ ज्याच्या-त्याच्या वापरावर अवलंबून आहे. वर्षाकाठी ३०० काडतुसे झाडणाऱ्यास ६,००० चा आकडा गाठण्यास वीस वर्षे लागतील. त्याला झिजेची चिंता करण्याचे कारण नाही, पण त्याची एकूण बचतही किरकोळच असते. दर आठवड्याला शेकडो काडतुसे झाडणाऱ्यास नळी बदलण्याचा खर्च हिशेबात धरूनही स्वस्त काडतूस परवडते. जिची नळी आता मिळतच नाही अशा जुन्या वा संग्राह्य रायफलीत मात्र द्विधातवी गोळी वापरणे ही काटकसर नव्हे. हॉर्नडी या अमेरिकन कारखान्याने पोलादी पुंगळीत तांब्याच्या वेष्टनाची चांगली गोळी बसवून काडतुसे केली, ती पोलादी पुंगळी व अचूकता यांत वैर नाही हे दाखविण्यास पुरेशी आहेत.

मैदानावरील परीक्षा : नवे स्वस्त काडतूस आपल्या रायफलीस मानवते की नाही, हे प्रत्यक्ष झाडूनच कळते. प्रथम रायफलीच्या उत्पादकाने पोलादी पुंगळीस मनाई केली आहे काय हे पाहावे. काही उत्पादक अशा वापरानंतर हमी नाकारतात. मैदानाचे नियमही विचारून घ्यावेत. अनेक मैदानांच्या दारातच काडतुसाच्या टोकास लोहचुंबक लावून पाहतात. चिकटले की गोळीत पोलाद आहे, मग ते वेष्टनात असो वा गाभ्यात. अशा गोळीमुळे पोलादी लक्ष्यफलक खराब होतात आणि दगडावर आदळून ठिणगी उडाल्यास वाळलेले गवत पेटू शकते. म्हणूनच अमेरिकेच्या पश्चिम भागातील काही सार्वजनिक भूमींवर वणव्यांच्या ऋतूत त्यांना बंदी असते. आणखी एक कारण कमी बोलले जाते : रिकामे पितळ गोळा करून विकणे हे मैदानाचे एक उत्पन्न असते आणि पोलादी पुंगळ्या त्या ढिगात मिसळल्या, की निवडण्याचे काम वाढते.

परीक्षेस स्वच्छ केलेल्या कोठीने प्रारंभ करावा. पहिली काही काडतुसे एकेक भरून झाडावीत आणि प्रत्येक पुंगळी उचलून पाहावी. मानेला चीर, बुडाजवळ फुगवटा किंवा टोपीभोवती काजळी दिसल्यास पुढे जाऊ नये. सर्व ठीक असल्यास पेटीतून मोठ्या संख्येने झाडावीत, कारण पुंगळी अडकण्याचा दोष कोठी तापल्यावर व घाण झाल्यावरच उघड होतो. अचूकतेसाठी १०० मी. अंतरावर पाच-पाच गोळ्यांचे अनेक गट घ्यावेत. एकाच सुंदर गटावर विसंबणारे नेमबाज स्वतःचीच फसवणूक करतात. या अंतरावर एक कोनीय मिनिट म्हणजे सु. २·९ सेंमी. होय. स्वस्त काडतुसांचे गट सामान्यतः दोन ते चार मिनिटांचे असतात. सरावास ते पुरेसे, स्पर्धेस अपुरे.

दोन प्रसंगी सावधगिरी अत्यावश्यक आहे. चाप ओढूनही काडतूस उडाले नाही, तर नळीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावे, कारण टोपी उशिरा पेट घेऊ शकते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर गोळी नळीतच अडकलेली असण्याचा संभव असतो. अशा वेळी रायफल रिकामी करून नळी आरपार मोकळी असल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरे काडतूस झाडणे म्हणजे नळी फुटण्यास निमंत्रण देणे होय. जुन्या सैनिकी साठ्यातील काडतुसांच्या टोपीत बहुधा पोटॅशियम क्लोरेट असते. त्यापासून उरणारे पोटॅशियम क्लोराइड हवेतील ओलावा शोषून नळी गंजविते व ते तेलाने निघत नाही. नळी पाण्याने धुऊन, कोरडी करून मग तेल लावावे लागते. कारखान्यात नव्याने होणाऱ्या व्यापारी काडतुसांत हा दोष सहसा नसतो.

झाडलेली पोलादी पुंगळी बहुधा फेकून द्यावी लागते. पितळी पुंगळी पुन्हा भरता येते, कारण तिच्या बुडाशी टोपीमागे मध्यभागी एकच छिद्र असते व जुनी टोपी त्यातून ढकलून काढता येते. रशियन पुंगळीत बर्डन पद्धतीनुसार ऐरण पुंगळीतच असून छिद्रे दोन व बाजूस असतात. बर्डन अमेरिकन होता आणि एकाच छिद्राच्या पद्धतीचा जनक बॉक्सर इंग्रज. परंतु आज अमेरिकेत बॉक्सरची, तर पूर्व यूरोपात बर्डनची पद्धत चालते.

ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेने, विरोधी पक्षनेते अलेक्सी नवाल्नी यांच्यावरील विषप्रयोगाबद्दल, रशियावर आणखी निर्बंध जाहीर केले. ७ सप्टेंबर २०२१ पासून रशियन काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने देणे त्यानुसार थांबले. आधी दिलेले परवाने मुदत संपेपर्यंत चालू राहिले. ज्या स्वस्ताईवर या काडतुसांचा सर्व हिशेब आधारलेला होता, ती त्यानंतर पुष्कळ अंशी ओसरली.

भारतात लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठी पितळच रूढ आहे. महाराष्ट्रात पुण्याजवळील खडकी (स्थापना १८६९) आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथील कारखाने ही काडतुसे तयार करतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून ते म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे आहेत. सैनिकी ७·६२ मिमी. काडतूस झाडू शकणाऱ्या रायफली नागरिकांसाठी निषिद्ध वर्गात मोडत असल्यामुळे पोलादी पुंगळीच्या स्वस्त काडतुसाची निवड करण्याचा प्रश्न येथील सामान्य परवानाधारकापुढे उद्‌भवत नाही. सैन्य व पोलीस यांच्या गोळीबार मैदानांवर सराव संपताच झाडलेल्या पुंगळ्या वेचून, मोजून जमा कराव्या लागतात.