सोंगातला देव आणि देव्हाऱ्यातला देव

मेजाभोवती चार-पाच मंडळी बसतात. समोर पट असलाच पाहिजे असे नाही. कागद, पेन्सिली आणि नाना पैलूंचे फासे असले की पुरे. त्यांतील एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगू लागतो: पडका किल्ला, अंधारे भुयार, दाराआड कसलीशी चाहूल. इतरांनी कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक, तर कोणी पुरोहित व्हावे आणि आपण आता काय करणार ते बोलून दाखवावे. यशापयश फासा ठरवितो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून हा प्रकार रूढ झाला.

धर्माचा प्रश्न उभा राहतो तो या पुरोहितापाशी. त्याचे सामर्थ्य त्याच्या देवतेकडून येते. मग ते सोंग घेणाऱ्या ख्रिस्ती माणसाने कल्पित देवतेची प्रार्थना म्हणावी काय? कोकण-गोव्यातील दशावतारात संकासुर होणाऱ्या नटाला कोणी असुर मानीत नाही, हे उत्तर चटकन सुचते. परंतु ते पुरेसे नाही. नटाने काय करावयाचे ते कथेने आधीच ठरविलेले असते. येथे मात्र प्रत्येक निर्णय खेळाडूचा स्वतःचा असतो. ज्याला ही गोष्ट खटकते त्याला मूर्ख म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही.

तिची जागा भीतीने घेतली तेव्हा मात्र विचार संपला. व्हर्जिनियातील एका मातेने मुलाच्या आत्महत्येचा दोष या खेळास दिला आणि १९८३ मध्ये त्याविरुद्ध संघटना काढली. १९८४ साली जॅक चिक यांच्या चित्रपुस्तिकेने तर तो सरळ चेटकाचा मार्ग ठरविला. या गदारोळानंतर १९८९ च्या आवृत्तीतून राक्षस-सैतानांची रूढ नावे वगळून नवी नावे घडविण्यात आली. गंमत अशी की, ज्यांच्यावर सैतानपूजेचा आळ आला त्यांतील कित्येक स्वतः श्रद्धावंत होते. गायगॅक्स काही काळ ‘जेहोवाज विटनेसेस’ या पंथात होते. प्रसिद्ध कथानके रचणारे ट्रेसी हिकमन हे मॉर्मन. १९८४ मध्ये ‘ड्रॅगनरेड’ नावाचा खास ख्रिस्ती खेळही निघाला. त्यात बायबलमधील वचने पाठ असणे हेच खेळाडूचे शस्त्र!

हिंदू वाचकास जवळची वाटेल अशी गोष्ट निराळीच आहे. १९८० च्या ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ या ग्रंथात ग्रीक व नॉर्स देवतांच्या रांगेत इंद्र, विष्णू आणि काली यांनाही बसविले होते. प्रत्येकाच्या नावापुढे तो किती आघात सोसू शकेल त्याचा आकडा. ख्रिस्ती, यहुदी वा इस्लामी ईश्वराचा आकडा मात्र कोठे नव्हता. झ्यूसचे देव्हारे आज घरोघरी नाहीत; विष्णूचे आहेत. कोणाचा देव पुराणकथा समजावा आणि कोणाचा धर्म, याचा निवाडा लेखकांनी नकळत करून टाकला होता. त्यात द्वेष नसावा, पण शेजारी कोण बसला आहे याचे भानही नव्हते.

ते भान आता पुष्कळ ठिकाणी आलेले दिसते. पहिला डाव मांडण्यापूर्वीच मंडळी एकत्र बसून काय चालेल आणि काय नको ते ठरवितात. कोणी खऱ्या देवांची नावे टाळतो; कोणा श्रद्धाळू खेळाडूचा पुरोहित प्रार्थना म्हणत नाही, तो ‘प्रार्थना करतो’ एवढेच सांगून पुढे जातो. नास्तिकाला हा सोवळेपणा वाटला तरी डाव त्यामुळे अडत नाही. काही मेजांवर फुली काढलेला एक पत्ता मध्यभागी ठेवलेला असतो. प्रसंग असह्य झाला की कोणीही त्यावर बोट ठेवावे. सूत्रधार तो भाग गाळतो, कथा दुसऱ्या वाटेने नेतो, आणि बोट ठेवणाऱ्याला कारण विचारले जात नाही.