स्वयंचलित ई-मेल : न दिसणाऱ्या चुकांचा ताळा

व्यापारात मालाइतकेच पत्रव्यवहारासही महत्त्व असते, हे आमच्या सभासद बंधूंस निराळे सांगावयास नको. माल रवाना झाल्याची सूचना, भाव बदलल्याची खबर, उधारीची आठवण, सणासुदीचे निमंत्रण ही सारी पत्रे एके काळी पेढीवर बसून मुनीमजी लिहीत. जावक-बारनिशीत प्रत्येक पत्राचा क्रमांक पडे, आणि महत्त्वाचे पत्र रजिस्टर केले असल्यास पोचपावती हाती येईपर्यंत ते पोहोचले असे कोणी गृहीत धरीत नसे. आज ह्यांपैकी पुष्कळसे काम स्वयंचलित ई-मेलकडे गेले आहे. गिऱ्हाइकाने नाव नोंदविताच त्यास स्वागताचा ई-मेल जातो. निवडलेला माल न घेताच तो निघून गेला तर दुसऱ्या दिवशी आठवण जाते. नेलेला माल संपण्याच्या सुमारास पुन्हा विचारणा होते. सोय मोठी आहे खरी. परंतु बारनिशी आणि पोचपावती ह्या दोन्ही गोष्टी मागे पडल्या, आणि त्यांच्या जागी काय ठेवावे ह्याचा विचार मात्र फारसा झालेला नाही. तोच येथे थोडक्यात करावयाचा आहे.

यंत्राच्या चुका दोन प्रकारच्या असतात. पत्ता खोटा असला, सर्व्हर बंद पडला, तर यंत्र तशी सूचना देते. अशी चूक त्या मानाने सौम्य होय. दुसरा प्रकार असा की, यंत्र आपल्या समजुतीप्रमाणे बिनचूक चालत असते, पण काम होत नसते. समजा, एका मसाल्याच्या पेढीस रोज सरासरी ४० ऑर्डरी येतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकास ४५ दिवसांनी पुन्हा आठवण करून देण्याची व्यवस्था आहे. वेबसाइटची दुरुस्ती करताना 'ऑर्डरची तारीख' ह्या रकान्याचे नाव कोणी बदलले. यंत्र जुन्याच नावाचा रकाना शोधते, त्यास तो सापडत नाही, म्हणून आठवण पाठविण्यास पात्र असे कोणीच नाही असे ते ठरविते. अहवालात चुकांच्या घरात शून्य दिसते, आणि ते खोटेही नसते. काही पाठविलेच नाही, तर चूक कोठून व्हावी?

ह्या शून्याची किंमत पाहा. महिन्याच्या १,२०० आठवणी गेल्या नाहीत. पूर्वी अशा १०० आठवणींमागे ५ ऑर्डरी येत असतील, तर महिन्यास ६० ऑर्डरी बुडाल्या. मालकास केवळ विक्री घटलेली दिसते. तो मंदीस दोष देतो, भाव उतरवितो, प्रसंगी विक्रीच्या नोकरास बोल लावतो. रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे, अशी ही स्थिती होय. आणि तिकडे गिऱ्हाईक समजते की पेढीस आपली आठवण राहिली नाही.

आता 'पोहोचले' ह्या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ई-मेलची ने-आण ज्या नियमांनी होते, त्यांचा पाया १९८२ साली घातला गेला. घेणारा सर्व्हर पाठविणाऱ्यास '२५०' ह्या अंकाने होकार देतो. त्या होकाराचा अर्थ एवढाच की, पत्र आमच्या दारात घेतले. पुढे ते गिऱ्हाइकाच्या समोरच्या पेटीत ठेवले की स्पॅमच्या अडगळीत टाकले, हे तो सांगत नाही. समजा, ८,००० ई-मेल गेले; त्यांतील ५,००० जीमेलच्या पत्त्यांवर आहेत. एरवी शेकडा २ गिऱ्हाईक लिंक दाबतात, म्हणजे एकूण १६०. एके दिवशी जीमेलने बहुतेक सारी पत्रे स्पॅममध्ये टाकली, आणि तेथील १०० चे ८ झाले. इतरत्र ६० कायम राहिले. एकूण ६८ उरले, तरी अहवालात 'पोहोचले' हा आकडा पूर्वीइतकाच भरघोस दिसतो! यास्तव एकूण बेरीज न पाहता जीमेल, याहू, आउटलुक अशी खातेवार फोड पाहावी. खतावणीत आपण प्रत्येक कुळाचे खाते निराळे ठेवतो, ते ह्याच कारणासाठी.

'उघडले' ह्या आकड्यावरही आता विसंबून चालत नाही. ई-मेलमधील एक बारीकसे चित्र वाचकाच्या यंत्रावर उतरले की पत्र उघडले असे मोजले जाते. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल-व्यवस्थेत, ज्यांनी खाजगीपणाचे संरक्षण स्वीकारले आहे त्यांच्यासाठी, अशी चित्रे वाचकाने पत्र उघडण्यापूर्वीच उतरविली जातात. त्यामुळे न वाचलेली पत्रेही वाचलेली ठरतात. काही कचेऱ्यांतील सुरक्षा-सॉफ्टवेअर प्रत्येक लिंक स्वतः तपासून पाहते, म्हणून लिंक दाबल्याच्या आकड्यातही भेसळ होते. खरा पुरावा एकच : आलेले उत्तर आणि आलेली ऑर्डर.

पत्र योग्य जागी पोहोचूनही सदोष असू शकते. नावाच्या जागी रिकामा कंस जातो, लिंक बंद पडलेली असते, सवलतीची मुदत संपलेली असते. मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जीमेल साधारण १०२ किलोबाइटांपेक्षा मोठे पत्र कापून दाखविते. प्रचलित संगणकीय पद्धतीत रोमन अक्षरास १ बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३. म्हणून आपले पत्र ही मर्यादा लवकर गाठते. कापला जातो तो शेवटचा भाग, आणि 'ह्यापुढे ई-मेल नको' असे सांगण्याची सोय बहुधा तेथेच असते.

ती सोय लपली की गिऱ्हाईक त्रासून पत्रास स्पॅम म्हणून खूण करते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू ह्यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांस नियम घालून दिले आहेत. गूगलच्या लेखी, दिवसास ५,००० वा अधिक पत्रे जीमेलकडे पाठविणारा तो मोठा. पाठविणाऱ्याची ओळख पटविणाऱ्या एस.पी.एफ., डी.के.आय.एम. आणि डीमार्क ह्या तिन्ही खुणा हव्यात. प्रचाराची पत्रे एका दाबात बंद करता यावीत. नकार दोन दिवसांत अमलात यावा. आणि तक्रारींचे प्रमाण शेकडा ०.३ च्या खाली असावे. लहान पेढीनेही हेच पथ्य पाळणे हिताचे. नको म्हणणाऱ्यास पत्रे जातच राहणे हीदेखील यंत्राची मुकी चूक होय, आणि तिने पेढीची पत जाते.

मग उपाय कोणता? आमच्या मते तो आपल्या जुन्या रीतीतच आहे. रोजमेळ लिहिणारा मनुष्य शिल्लक प्रथम कागदावर काढतो आणि मग गल्ला मोजतो. तद्वत आज किती ई-मेल जावयास हवे होते, हे यंत्रास न विचारता बिलबुकावरून काढावे, आणि मग यंत्राचा आकडा त्याशी ताडून पाहावा. ४० ऑर्डरींमागे ४० आभारपत्रे गेली पाहिजेत; ३० गेली तर चौकशी, आणि ८० गेली तरीही चौकशी.

दुसरे, जीमेल, याहू व आउटलुक येथे पेढीचे स्वतःचे साक्षी-पत्ते उघडून ते यादीत घालावेत, आणि पत्र कोणत्या पेटीत पडले ते दर आठवड्यास पाहावे. तिसरे, महिन्यातून एकदा घरातील कोणी गिऱ्हाइकाप्रमाणे नाव नोंदवून लहानशी ऑर्डर द्यावी, नंतर नकारही कळवावा, आणि घडेल ते लिहून ठेवावे. वेबसाइटवर कोणताही बदल झाला तर ही परीक्षा त्याच दिवशी घ्यावी. चौथे, ठरलेल्या वेळात एकही पत्र गेले नाही तर इशारा मिळावा अशी तजवीज करावी. मात्र तो इशारा ई-मेलने नव्हे, तर फोनवर यावा. जो रस्ता बंद पडला, त्याच रस्त्याने त्याची खबर कशी येणार? पाचवे, ह्या साऱ्याची जबाबदारी नावानिशी एका माणसावर असावी.

दोष सापडल्यावर घाई करू नये. तुंबलेली सर्व पत्रे एकदम सोडली तर दोन महिन्यांनी 'स्वागत' पावलेले गिऱ्हाईक हसेल, आणि अचानक वाढलेली संख्या पाहून जीमेलही साशंक होईल. ज्यांस अजून उपयोग आहे अशी पत्रे निवडून थोडी थोडी पाठवावीत. बाकीची रद्द करावीत.

नवी यंत्रे आपल्या पेढ्यांत अवश्य यावीत. त्यांवाचून आजचा व्यापार चालणार नाही. परंतु नोकराने दिलेला हिशेब आपण जसा वहीशी ताडून घेतो, तसाच यंत्राचाही घ्यावा. येत्या पाडव्यास नव्या वह्या घालताना एक पान ह्या ताळ्यासाठी राखून ठेवावे, एवढीच आमच्या व्यापारी बंधूंस विनंती आहे.