सायकलींचं पुणे : थोडक्यात

ओळख : स्कूटर-मोटारसायकली घरोघरी येण्याआधी ‘सायकलींचं शहर’ हीच पुण्याची ओळख होती.

पाठपुरावा : १९८० च्या दशकापासून ‘परिसर’ ही संस्था पादचारी, सायकलस्वार आणि सार्वजनिक वाहतूक यांची बाजू लावून धरत आली आहे.

आराखडा : महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात सुमारे ८२४ किलोमीटर मार्गांचं जाळं आखलं आहे.

भाड्याच्या सायकली : त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विद्यापीठाच्या आवारात अ‍ॅपवर सायकली मिळू लागल्या. पुढे शहरभर पसरलेल्या या योजना काही वर्षांतच बारगळल्या.

अडथळे : सायकलमार्गाच्या तोंडाशीच लावलेल्या दुचाकी, मध्येच महावितरणची डीपी, उखडलेले पेव्हर ब्लॉक. चौक आला की मार्ग संपतो आणि नेमक्या धोक्याच्या जागी सायकलस्वार बसच्या चाकांशेजारी येतो.

ठेवा : कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात जुन्या सायकलींसोबत त्यांचे दिवे, घंटा, पंपही जपले आहेत.

तातडीचं काम : नव्या किलोमीटरच्या घोषणांआधी आहेत ते मार्ग मोकळे करून चौकापार सलग जोडावेत. शाळकरी मुलगी एकटी, निर्धास्त सायकलवरून जाऊ शकली, तरच तो रस्ता सुरक्षित म्हणावा.