जुन्या विक्रीपत्रांचा आंतरजालावरील शोध

विक्रीपत्र म्हणजे वस्तू वा सेवा विकत घेण्यास वाचकाचे मन वळवण्यासाठी लिहिलेले पत्ररूप जाहिरातलेखन होय. (मालमत्तेच्या व्यवहारातील खरेदीखतासही काही वेळा विक्रीपत्र म्हणतात, त्याचा येथे संबंध नाही.) अमेरिकेतील टपालविक्रीच्या व्यापारात हा प्रकार वाढला आणि पुढे लांबलचक संकेतपृष्ठांच्या रूपाने आंतरजालावर आला. विक्री थांबली की असे पृष्ठ बहुधा काढून टाकले जाते किंवा त्याच पत्त्यावर नवा मजकूर येतो. त्यामुळे जाहिरातलेखनाच्या अभ्यासकास मूळ मजकूर शोधून काढावा लागतो.

वेबॅक मशीन

या कामाचे प्रमुख साधन वेबॅक मशीन हे आहे. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने ते २००१ मध्ये सर्वांसाठी खुले केले. पृष्ठाचा जुना पत्ता दिल्यास त्याच्या जतन केलेल्या प्रती दिनदर्शिकेवर दिसतात. पत्त्याच्या शेवटी तारकाचिन्ह जोडल्यास त्या संकेतस्थळाच्या जतन झालेल्या इतर पृष्ठांची यादी मिळते. विसरले गेलेले विक्रीपत्र अनेकदा तिच्यातच सापडते. पत्ताच ठाऊक नसेल, तर पत्रातील एखादे वेगळे वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधयंत्रात पाहावे, कारण यशस्वी पत्रांची नक्कल इतरत्र हमखास झालेली असते.

प्रतीच्या पत्त्यातील चौदा अंक जतनाची तारीख व वेळ दर्शवतात. मात्र ही तारीख पूर्ण पृष्ठास लागू असतेच असे नाही. मजकूर एका दिवशीचा आणि चित्रे दुसऱ्या दिवशीची, असे मिश्रण घडते. किंमत चित्रात लिहिलेली असेल तर ‘तेव्हा एवढी किंमत होती’ हा निष्कर्ष त्यामुळे चुकू शकतो. चित्रफिती पुष्कळदा जतन झालेल्या नसतात. मालकाच्या विनंतीवरून प्रती हटवल्याही जातात. गूगलने शोधनिकालांतील साठवलेल्या प्रतींचे दुवे २०२४ मध्ये बंद केल्याने तो पर्याय आता उरलेला नाही.

छापील पत्रे

आंतरजालपूर्व पत्रांसाठी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचा जाहिरात-इतिहासविषयक संग्रह महत्त्वाचा आहे. जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरातसंस्थेची कागदपत्रे तेथे आहेत. जुन्या मासिकांतील टपालविक्रीच्या जाहिराती गूगल बुक्स व हाथीट्रस्ट यांवर पाहता येतात.

मार्टिन कॉनरॉय यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’साठी लिहिलेले वर्गणीपत्र १९७० च्या दशकापासून पाव शतकाहून अधिक काळ वापरात होते. ते आज सहज मिळते, पण याच कारणाने ते प्रातिनिधिक मानता येत नाही. अपयशी पत्रे कोणी जपून ठेवत नाही. संग्रहांत गाजलेल्यांचीच गर्दी असते. पत्र किती काळ चालले हा त्याच्या यशाचा त्यातल्या त्यात विश्वसनीय पुरावा आहे, आणि वेबॅक मशीनवरील वेगवेगळ्या तारखांच्या प्रती ताडून तो काही अंशी मिळवता येतो. त्याच तुलनेत मथळा, किंमत वा हमी केव्हा बदलली हेही दिसते.

जतन केलेली प्रत उपलब्ध असली तरी मजकुरावरील प्रताधिकार कायम राहतो. अमेरिकेत १९२९ पूर्वी प्रकाशित झालेला मजकूर मात्र तेथे प्रताधिकारमुक्त आहे.