‘आयटिस’ प्रत्ययाचा अर्थ आणि आपला ‘शोथ’

नांदेड-लातूरकडील रुग्ण ‘सांधे धरले, वात झाला’ असे सांगतो. त्याच्या हातातील कागदावर मात्र ‘आर्थ्रायटिस’ लिहिलेले असते. आपण वैद्य त्याचे ‘संधिशोथ’ असे भाषांतर करून लगेच शोथघ्न योजनेकडे वळतो. हे भाषांतर तपासून पाहावे, असे आम्हांस वाटते.

‘आयटिस’ हा मूळचा ग्रीक प्रत्यय. त्याचा अर्थ केवळ ‘त्यासंबंधीची’. ग्रीक भाषेत व्याधिवाचक ‘नोसोस’ शब्द स्त्रीलिंगी, म्हणून त्याचे विशेषणही स्त्रीलिंगी. ‘आर्थ्रीटिस नोसोस’ म्हणजे सांध्यांची व्याधी. पुढे विशेष्य गळाले आणि विशेषणच नाम होऊन बसले. दाहयुक्त विकार हा अर्थ युरोपीय वैद्यकाने त्यावर मागाहून चढविला. त्या दाहाची लाली, सूज, उष्णता व वेदना ही चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने नोंदविली आहेत. आपला ‘शोथ’ हा ‘श्वि’ म्हणजे फुगणे या धातूपासूनचा. तो चारांपैकी सूज तेवढी सांगतो. (युनानीतील ‘वजा-उल-मफासिल’ या संज्ञेत सांध्यांची वेदना आहे, सूज नाही.)

‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’मध्ये प्रत्यय तोच, परंतु प्रधान विकृती कूर्चेच्या झिजेची. तेथे संधिगत वाताचा विचार आधी व्हावा. स्नेहन-स्वेदन त्यास अनुकूल. ‘र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हा माधवनिदानातील आमवाताच्या जवळ जातो. तेथे लंघन-दीपनापूर्वी स्नेहन केल्यास आम वाढतो. युरिक आम्ल वाढलेले असेल तर वातरक्ताची लक्षणेही पाहावी लागतात.