शब्द नव्हे, बोलणे उतरवावे

आमच्या वरवट बकालकडचा माणूस ‘मले भूक लागली’ म्हणतो. स्पॅनिश बोलणारा ‘तेंगो आंब्रे’ म्हणतो. शब्दशः, ‘माझ्यापाशी भूक आहे’. इंग्रज मात्र ‘मी भुकेला आहे’ अशी रचना करतो. पोटातली आग एकच, सांगण्याच्या तऱ्हा तीन. म्हणून ‘तेंगो आंब्रे’चे ‘आय हॅव हंगर’ केले, तर शब्द सारे बरोबर आणि बोलणे चूक. तेथे ‘आय ॲम हंग्री’च पाहिजे.

परंतु प्रत्येक वेळी इंग्रजीच जवळची असते असे नाही. ‘मे गुस्ता एल पान’ म्हणजे ‘मले पाव आवडते’. येथे पाव कर्त्याच्या जागी आहे आणि खाणारा ‘मला’च्या रूपात, रचना हुबेहूब आपलीच. इंग्रजीत शिरताच ‘आय लाइक ब्रेड’ असा माणूस कर्ता होतो. शब्दांचेही नाते आहे. स्पॅनिशमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणे. आपला ‘पगार’ तिच्या बहिणीकडून, पोर्तुगीजमधून, आला.

आभारांना स्पॅनिश माणूस ‘दे नादा’ असे उत्तर देतो. अक्षरशः ते ‘कशाचेच नाही’ असे आहे. इंग्रज तेथे ‘यू आर वेलकम’ म्हणतो, आपण ‘त्यात काय एवढं!’ म्हणतो. म्हणजे भाषांतर प्रसंगाचे करायचे असते.

हा केवळ व्याकरणाचा खेळ नव्हे. 1972 साली अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात शेतमजुरांच्या संपावर व बहिष्कारावर बंधने घालणारा कायदा झाला. सीझर चावेझ यांनी त्याविरुद्ध उपोषण केले. ‘येथे काही करता येत नाही’, असे स्थानिक लोक म्हणू लागले, तेव्हा डोलोरेस वेर्ता यांनी उत्तर दिले : ‘सी, से पुएदे’. पुढे इंग्रजीत त्याचे ‘येस, वी कॅन’ झाले आणि 2008 च्या अध्यक्षीय निवडणुकीत ते जगभर गाजले. मूळ वाक्यात ‘आम्ही’ नाहीच. मूळ अर्थ, ‘होय, करता येते’. ‘आम्ही करू शकतो’ ही आपल्या बळाची ग्वाही झाली. ‘करता येते’ हे नकाराला दिलेले उत्तर आहे. आपल्या बोलीत ते एका शब्दात मावते : ‘जमते!’

संघटनेचे काम करताना आम्हाला हा भेद रोज भेटतो. म्हणून वाक्य उतरवण्यापूर्वी विचारावे : हे कोणी, कोणाला आणि कशाच्या उत्तरादाखल म्हटले? मग कोश उघडावा.