पाणवेड्या कुत्र्याचे कान

पूडल हा कुरळ्या केसांचा कुत्रा आज शोभेचा समजला जातो; मूळचा तो पाण्यात पडलेली बदके शिकाऱ्याला आणून देणारा. चांदनी-नेपानगर भागात कोणी असा कुत्रा पाळलाच, तर तो पाणी दिसताच उडी घेणार. घेऊ द्यावी. दिवसभर बांधलेला हा चपळ प्राणी भुंकून जीव नकोसा करतो. बाहेर आल्यावर मात्र त्याचे कान पाहावेत. ते लोंबते आणि आतून केसाळ असल्याने ओल कोंडते व कान पिकतो. मग तो सारखे डोके झटकतो, कानाला घाण वास येतो. अशा ठणकत्या कानाला लेकराने हात लावला, की गरीब कुत्राही चावतो. म्हणून पोहून झाल्यावर कान कोरड्या फडक्याने टिपावेत. काडी किंवा कढत तेल मुळीच घालू नये, पशुवैद्याला दाखवावे.

याचे केस फारसे गळत नाहीत, गुंततात, आणि गाठींत गोचिडी लपतात. रोज विंचरावे, आपल्याकडच्या उन्हाळ्यात आखूड कापावेत.

साचलेल्या डबक्यात त्याला सोडू नये. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याला होतो, कुत्र्याकडून माणसालाही. रेबीजची लस 3 महिन्यांच्या वयात टोचून घ्यावी, पुढे पशुवैद्य सांगेल तशी. तरीही चावलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि हळद-चुना न लावता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.